इलोइलोची जुनी चर्च आणि तिथलं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिन्समध्ये एवढे प्रांत असताना इलोइलोच का?

जुनं दगडी चर्च आणि बाजारातलं चांगलं जेवण एकाच दिवसात, फार धावपळ न करता मिळावं, असं वाटत असेल तर इलोइलोइतका सोयीचा प्रांत दुसरा नाही. हा प्रांत पानाय बेटाच्या दक्षिण भागात आहे. शहरातून पश्चिमेकडे निघालेला किनाऱ्याचा एकच रस्ता ओतोन, तिग्बाउआन, गिंबाल, मियागाओ आणि सान होआकिन या गावांतून जातो. त्यातल्या बहुतेक गावांत चौक, चौकासमोर चर्च आणि जवळच मंडई, अशी स्पॅनिश काळापासूनची मांडणी अजून टिकून आहे. मियागाओचं चर्च १९९३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इलोइलो शहराला युनेस्कोने ‘खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर’ म्हणून निवडलं. हा मान मिळवणारं ते फिलिपिन्समधलं पहिलं शहर.

आमच्या मते खरं कारण आणखी साधं आहे. इथलं चर्च आणि इथलं जेवण, दोन्ही बाहेरून आलेल्या साच्यात स्थानिक वस्तू भरून तयार झालं आहे. मियागाओच्या दर्शनी भिंतीवरची झाडं पाहून तुम्ही मंडईत गेलात, तर त्यातली निम्मी टोपल्यांत दिसतील.

किती दिवस लागतील?

पूर्ण तीन दिवस ठेवा. एक शहरासाठी, एक दक्षिण किनाऱ्यासाठी आणि एक समोरच्या गिमारास बेटासाठी किंवा कबातुआन-सांता बार्बाराकडच्या आतल्या भागासाठी. दोनच दिवस असतील तर शहर आणि दक्षिण किनारा. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर मियागाओला भर दुपारी पोचाल. तेव्हा डोळे दिपतात, कोरीवकाम सपाट दिसतं आणि खानावळीतली भांडी रिकामी झालेली असतात.

भारतातून कसं जायचं? व्हिसा लागतो का?

जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी १४ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश आहे. ही मुदत वाढवून मिळत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा, परतीचं तिकीट आणि राहण्याचं आरक्षण दाखवता यावं. त्याशिवाय पोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ ही सरकारी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे, तेव्हा पैसे मागणाऱ्या नकली संकेतस्थळांपासून सावध राहा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाचं पान एकदा वाचा.

मुंबईहून सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे मनिला गाठता येतं. मनिलाहून इलोइलो सव्वा तासाचं विमान. इलोइलोचा विमानतळ शहरात नसून कबातुआनच्या हद्दीत, शहरापासून सुमारे १९ किलोमीटरवर आहे. बाहेर पडल्यावर शहरात जाणाऱ्या सामायिक व्हॅन असतात. मनिलाला उतरून त्याच दिवशी पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये निदान चार तास ठेवा. तिथली टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत आणि मधल्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी असते.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते मार्च. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस आणि वादळांचा काळ. एप्रिल-मे म्हणजे कोकणातला मे महिनाच समजा, तसाच दमट. तरीही गिमारासचे आंबे खायचे असतील तर एप्रिल-मे हाच हंगाम, मग घाम सोसायची तयारी ठेवा.

गर्दीच्या तीन वेळा लक्षात ठेवा. जानेवारीच्या चौथ्या रविवारी शहरात दिनाग्यांग हा सांतो निन्योचा, म्हणजे बाळ येशूचा मोठा उत्सव असतो. त्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण. २ फेब्रुवारीला शहराच्या हारो भागात कँडेलारिया मातेचा, म्हणजे मरियमचा सण. आणि ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात गुरुवार-शुक्रवारी बरीच दुकानं, खानावळी बंद राहतात. चर्च उघडी असतात, पण ती भाविकांनी भरलेली. फक्त इमारत पाहायची असेल तर हे दोन दिवस टाळा. भक्ती पाहायची असेल तर हेच दिवस निवडा.

गोव्याची, वसईची चर्च पाहिली आहेत. इथे वेगळं काय दिसेल?

पहिला फरक राज्यकर्त्यांचा. गोवा आणि वसईत पोर्तुगीज, फिलिपिन्समध्ये १५६५ पासून स्पॅनिश. दुसरा फरक दगडाचा, आणि तो डोळ्यांना लगेच जाणवतो. गोव्यातला जांभा सच्छिद्र आणि पावसात झिजणारा, म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा देऊन भिंती पांढऱ्या ठेवायची रीत. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझसचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला, तेव्हापासून त्या जांभ्याची काळजी सतत करावी लागते आहे. इलोइलोत मात्र पिवळसर वाळूखडक आणि प्रवाळी दगड मिळतो. तो छिन्नीला मऊ लागतो, उघडा ठेवता येतो आणि त्यात बारीक कोरीवकाम करता येतं. त्यामुळे इथे सजावट चर्चच्या आतल्या सोनेरी वेदीपेक्षा बाहेरच्या भिंतीवर जास्त आहे.

तिसरा फरक भूकंपाचा. इथली चर्च बुटकी, रुंद आणि जाडजूड आहेत. मियागाओच्या भिंती सुमारे दीड मीटर जाड आहेत आणि त्यांना बाजूंनी भक्कम आधारभिंती दिल्या आहेत. २५ जानेवारी १९४८ च्या मोठ्या भूकंपात पानाय बेटावरची कितीतरी चर्च कोसळली. ओतोनचं भव्य जुनं चर्च तेव्हाच गेलं.

एक समान धागाही आहे. मियागाओ ज्या ऑगस्टिनियन संघाच्या फादरांनी उभारलं, त्याच संघाचं मोठं चर्च जुन्या गोव्यात मोंते सांतो टेकडीवर होतं. त्याचा अर्धा मनोरा आज अवशेष म्हणून उभा आहे.

मियागाओच्या दर्शनी भिंतीवर नेमकं काय पाहायचं?

हे नीट समजून पाहिलं तर अर्धा तास कमी पडतो. आधी चर्चसमोर थोडं लांब उभं राहा. दोन्ही बाजूंचे घंटाबुरूज सारखे नाहीत. एक उंच आहे, दुसरा ठेंगणा, कारण ते वेगवेगळ्या फादरांच्या काळात वेगवेगळ्या कल्पनेने पुरे झाले. दोन्ही बुरूज खाली रुंद आणि वर निमुळते आहेत. बांधकाम १७८७ ते १७९७ या काळातलं. त्याआधीची चर्च समुद्रावरून येणाऱ्या हल्ल्यांत जळाली होती, म्हणून हे चर्च उंचवट्यावर आणि किल्ल्यासारखं बांधलं. अडचणीच्या वेळी सारं गाव आत येऊन दार लावून घेऊ शकत असे.

आता त्रिकोणी माथ्याकडे पाहा. मधोमध संत क्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडतो आहे. युरोपातल्या चित्रांत तो काठीचा आधार घेतो. इथे त्याने नारळाचं झाड धरलं आहे. बाजूला पपई आणि पेरूची झाडं आहेत. पपई आणि पेरू मुळात अमेरिकेतले, स्पॅनिशांच्या जहाजांतून आलेले. दगडात उतरले तोवर ते कारागिरांच्या परसात रुजलेले होते. युरोपातली वेल कोरण्याऐवजी कारागिरांनी रोज दिसणारी बाग कोरली. हे शिल्पपट वाचताना छोटी दुर्बीण खूप उपयोगी पडते, कारण बारीक काम उंचावर आहे.

माथ्याच्या खाली मधल्या कोनाड्यात चर्चचे आश्रयदाते, व्हियानुएव्हाचे संत तोमास आहेत.

आत गेल्यावर काहींची निराशा होते, कारण आतला भाग साधा आहे. या इमारतीने १८९८ च्या क्रांतीच्या काळात आग सोसली, नंतर दुसरं महायुद्ध आणि १९४८ चा भूकंप. आज दिसणारं छप्पर आणि आतली बरीच रचना नंतरच्या दुरुस्तीची आहे. मूळ वैभव बाहेरच्या भिंतीतच आहे, तेव्हा वेळ तिथे द्या. दुपार कलल्यावर भिंतीचा पिवळा रंग गडद होत सोनेरी होतो. चार ते साडेपाच ही उत्तम वेळ.

दक्षिण किनाऱ्याच्या दिवसाचा क्रम कसा लावावा?

सकाळी लवकर निघून आधी सर्वांत लांबच्या सान होआकिनला जा (शहरापासून सुमारे ५३ किलोमीटर) आणि परत येताना एकेक गाव घ्या. बहुतेक लोक उलट करतात आणि संध्याकाळी लांबच्या गावात अडकतात, कारण अंधार पडल्यावर जीपनी, म्हणजे प्रवासी नेणाऱ्या लांबट जीपगाड्या, विरळ होतात.

सान होआकिनचं चर्च १८६९ साली पूर्ण झालं. त्याच्या माथ्यावर संताऐवजी लढाई कोरली आहे: १८६० साली मोरोक्कोतल्या तेतुआन इथे स्पॅनिश फौजेने मिळवलेला विजय, त्यात घोडेस्वार, पायदळ, कोसळणारे सैनिक. चर्चच्या दारावर युद्धाचा देखावा ही दुर्मीळ गोष्ट आहे. गावाबाहेर १८९२ चं दगडी कबरस्तान आहे, कांपो सांतो. पायऱ्या चढून घुमटाच्या छोट्या प्रार्थनामंदिराशी जाता येतं. तिथे सावली नाही, म्हणूनच हे ठिकाण सकाळी आधी करायचं.

तिथून मियागाओला दुपारच्या जेवणापर्यंत पोचा. खानावळीत, म्हणजे कारिंदेर्यात, सकाळी शिजवलेली भांडी मांडलेली असतात. झाकण उघडून पाहायचं, बोट दाखवायचं, वाटी मिळते. बाराच्या आत पोचलात तर सगळे पदार्थ असतात. एकनंतर उरलंसुरलं. जेवून मियागाओचं चर्च आतून पाहा, विश्रांती घ्या, आणि गाडी स्वतःची असेल तर गिंबाल व तिग्बाउआन करून साडेचारला पुन्हा मियागाओत या. अंतर थोडंच आहे. जीपनीने फिरत असाल तर हा फेरा सोडा आणि ऊन कलेपर्यंत मियागाओतच थांबा. सोनेरी भिंत चुकवण्यापेक्षा गिंबाल चुकलेलं परवडलं.

गिंबालचं चर्च १७७४ चं, पिवळ्या दगडाचं. गावाचं नाव धोक्याची सूचना देणाऱ्या ढोलावरून पडल्याचं सांगतात, आणि किनाऱ्यावर टेहळणीचे जुने दगडी बुरूज अजून आहेत. तिग्बाउआनच्या चर्चची दर्शनी भिंत दाट नक्षीची आहे, आणि आतल्या भिंतींवर नव्या काळातलं रंगीत दगडांचं मोझेक. येशूसंघीयांनी मुलांसाठी फिलिपिन्समधली पहिली निवासी शाळा याच गावात १५९२ च्या सुमारास काढली होती.

जीपनी कुठून पकडायची? भाडोत्री गाडी घ्यावी का?

दक्षिणेकडच्या जीपनी शहराच्या पश्चिम टोकाच्या मोहोन टर्मिनलवरून सुटतात. गाडीवर गावाचं नाव रंगवलेलं असतं. मियागाओला सव्वा ते दीड तास लागतो. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून वेळेचा हिशोब सैल ठेवा. पैसे पुढच्या प्रवाशाच्या हाती देऊन चालकापर्यंत पोचवायचे, सुट्टे पैसेही तसेच परत येतात. हजाराची नोट काढू नका. वीस, पन्नासच्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा. उतरायचं असेल तेव्हा इलोइलोत ‘सा लुगार लांग’ म्हणतात. मनिलाचा ‘पारा’ शब्दही कळतो, पण ‘सा लुगार लांग’ म्हटलात की गाडीतले लोक हसून पाहतात.

तीन-चार जण असाल, सोबत वयस्कर माणसं असतील किंवा पाचही गावं करायची असतील, तर दिवसभराची व्हॅन ठरवा. ठरवताना तीन गोष्टी आधी स्पष्ट करा: इंधन भाड्यात आहे की वेगळं, किती तास, आणि सान होआकिनपर्यंत येणार की मियागाओपर्यंतच. भांडण होतं ते बहुधा या तिसऱ्या मुद्द्यावरून.

शहरातली कोणती चर्च चुकवू नयेत?

दोन: हारो आणि मोलो. ती जोडीने पाहा.

हारोचं कॅथेड्रल हंगेरीच्या संत एलिझाबेथचं, आणि त्याच्या दर्शनी सज्जावर कँडेलारिया मातेची दगडी मूर्ती आहे. जिना चढून मूर्तीपर्यंत जाता येतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये या मूर्तीला मुकुट घातला. मूर्ती हळूहळू वाढते आहे, अशी लोकांची श्रद्धा आहे. इथे घंटाबुरूज चर्चला चिकटून नाही. तो रस्त्याच्या पलीकडे, चौकात एकटा उभा आहे. भूकंपाच्या देशात हे शहाणपणाचं, कारण बुरूज पडला तरी चर्चवर पडत नाही. १९४८ मध्ये या बुरुजाचंही नुकसान झालं होतं.

मोलोचं संत अन्नाचं चर्च टोकदार गॉथिक धाटणीचं, दोन उंच मनोऱ्यांचं. आतल्या खांबांवर ओळीने सोळा संत आहेत आणि त्या सगळ्या स्त्रिया. हारोत खांबांजवळ पुरुष संत, मोलोत स्त्रिया, म्हणून जोडीने पाहा म्हटलं. राष्ट्रनायक होसे रिझाल १८९६ मध्ये इथे येऊन गेले होते.

मोलोला लागून पुढे आरेव्हालो. तिथे १८६५ चा एक दगडी वाडा कामिन्या नावाने ओळखला जातो. माहितगारासोबत वाडा दाखवतात आणि शेवटी कोकोच्या वड्यांपासून घोटलेलं दाट गरम चॉकलेट देतात. हे चॉकलेट कडवट आणि किंचित रवाळ असतं. तसंच ते असायला हवं.

चर्चमध्ये वागण्याचे नियम काय?

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांचे कपडे आणि आखूड चड्डी चालत नाही. उन्हामुळे तसे कपडे घालायचेच असतील तर एक ओढणी पिशवीत ठेवा. टोपी काढा. मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, चालू असताना फोटोसाठी मधल्या वाटेने फिरू नका, मागच्या बाकावर बसा किंवा बाहेर थांबा. रविवारी सकाळभर एकापाठोपाठ मिस्सा असतात. शनिवारी लग्नं आणि बाप्तिस्मे. निवांत पाहायचं तर मंगळवार ते गुरुवार, सकाळी आठ ते दहा. दुपारी काही ठिकाणी मोठं दार बंद असतं, तेव्हा शेजारच्या धर्मग्राम कार्यालयात नम्रपणे विचारा. ड्रोनसाठी परवानगी घ्यावीच लागते. प्रवेशशुल्क नसतं, दानपेटीत काही टाकलंत तर ते छपराच्या डागडुजीला लागतं.

दगडाला हात लावू नका. हा दगड मऊ आहे, बोटांच्या घामाने आणि नखांनी त्याचे कण सुटतात.

ला पास बाचोय म्हणजे काय, आणि तो कुठे खावा?

इलोइलोची ओळख सांगणारी वाटी हीच. जाडसर गोल नूडल्स (मिकी), त्यावर डुकराचं मांस, काळीज, प्लीहा, मूत्रपिंड यांचे पातळ तुकडे, वर डुकराच्या व गायीच्या हाडांचा उकळता रस्सा, आणि शेवटी चुरलेलं चिचारोन (डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी), तळलेला लसूण, पातीचा कांदा. रश्श्याला खोली येते ती गिनामोसमुळे, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याच्या लगद्यामुळे. शंभर पेसोच्या आसपास एक वाटी येते. पेसो म्हणजे साधारण दीड रुपया.

जन्म ला पास भागातल्या मंडईत झाला. पहिला कोण यावर वाद आहे. फेदेरिको गिल्लेर्गान यांनी १९३८ मध्ये सुरू केल्याचं डेकोज हे दुकान सांगतं. तेओदोरिको लेपुरा यांनी १९४५ मध्ये टेड्स हे दुकान सुरू केलं आणि आज त्याच्या शाखा सर्वत्र आहेत. नेटोंग्ज हे तिसरं दुकान मंडईतच आहे. आमचं मत स्पष्ट आहे: पहिली वाटी मंडईत खा. तिथे रस्सा मोठ्या भांड्यात सतत उकळत असतो आणि गिऱ्हाईक तुटत नाही, त्यामुळे आतड्या-काळजाचे तुकडे शिळे राहत नाहीत.

खाण्याची रीत: वाटी आली की आधी दोन चमचे रस्सा प्या. कच्चं अंडं हवं असेल तर ते पहिल्या मिनिटात घाला, नंतर ते शिजत नाही. चिचारोन ढवळून बुडवू नका, पाच मिनिटांत मऊ पडतं. सोबत पुतो घ्या. ही तांदळाची वाफवलेली वडी गोडसर इडलीसारखी लागते आणि रश्श्यात बुडवून खातात. रस्सा संपला तर ‘साबाव’ म्हणा. बहुतेक मंडईतल्या दुकानांत तो पुन्हा फुकट वाढतात. खाऊन झालं की त्याच मंडईतल्या जुन्या कॉफीच्या ठेल्यावर कापडी गाळणीतून गाळलेली कॉफी प्या.

तूर आणि फणसाचा पदार्थ असतो म्हणे. खरं का?

खरं आहे, आणि मराठी माणसाला सगळ्यांत ओळखीचा वाटेल तो हाच. नाव के-बी-एल: कादियोस, बाबोय, लांका. कादियोस म्हणजे तूर, बाबोय म्हणजे डुकराचं मांस, लांका म्हणजे कच्चा फणस. तूर इथे डाळ करून खात नाहीत, अख्खी शिजवतात, आणि दाणे गडद जांभळे असल्याने रस्साही जांभळट होतो. आंबटपणासाठी बातुआन नावाचं छोटं हिरवं गोल फळ घालतात. बातुआन आणि आपलं कोकम एकाच कुळातले, दोन्ही गार्सिनिया. त्यामुळे चव तोंडात येताच ओळख पटते. फक्त बातुआनचा आंबटपणा अधिक हलका, आणि त्याला कोकमाचा लाल रंग नाही.

घरी करून पाहायचं असेल तर चार जणांसाठी: अख्खी गावठी तूर १ वाटी (रात्रभर भिजवलेली), अर्धा किलो हाडांसकट मांस, कच्च्या फणसाचे तुकडे पाव किलो, गवती चहाच्या २ पाती गाठ मारून, कोकम ६-७ आमसुलं, शेवग्याचा किंवा रताळ्याचा पाला मूठभर, मीठ. आधी मांस, गवती चहा आणि तूर एकत्र मंद आचेवर शिजवा. तूर बोटाने चेपली जाऊ लागली की फणस घाला. फणस शिजल्यावर आमसुलं, पाच मिनिटांनी पाला, आणि गॅस बंद.

चुकतं ते एकाच जागी: आंबट आधी पडतं. आम्लात तुरीचं साल कडक राहतं, मग तासभर उकळूनही दाणा टचटचीत. आपल्या आमटीत आमसूल डाळ शिजल्यावर टाकतात, त्याच कारणाने. मांसाशिवायही हा पदार्थ उत्तम होतो. मग पाण्याऐवजी तूर भिजवलेलं पाणीच वापरा, रंग आणि चव त्यात असते.

शाकाहारी माणसाचं काय?

खोटी आशा दाखवणार नाही: अवघड आहे, पण अशक्य नाही. अडचण मांसाची नसून दिसत नाही त्या गोष्टींची आहे. भाजीच्या वाटीतही गिनामोस, सुकी मासळी किंवा माशाचा अर्क असतो. ‘शाकाहारी’ म्हटलं तर कित्येकदा डुकराचे मोठे तुकडे काढून तीच वाटी पुढे येते. म्हणून एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा. इथल्या हिलिगायनॉन भाषेत हे वाक्य पाठ करा: ‘इंदी आको नागाकाओन सांग कार्ने, इस्दा, पासायान, गिनामोस.’ म्हणजे मी मांस, मासे, कोळंबी, गिनामोस खात नाही. पुढे ‘पालिहोग’ म्हणजे कृपया.

सर्वांत जवळचा पदार्थ लास्वा: लाल भोपळा, वांगं, भेंडी, चवळीच्या शेंगा, सालुयोत हा बुळबुळीत पाला, अशा भाज्यांचं तेलाशिवाय केलेलं पातळ सूप. त्यात सहसा कोळंबी घालतात, पण ऑर्डर देऊन करवून घेतलं तर वगळता येते. कारिंदेर्यात तयार भांड्यातून वगळता येत नाही, म्हणून लास्वासाठी ऑर्डरवर शिजवणाऱ्या खानावळीतच जा. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी सोबत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि विजेची छोटी शेगडी न्यावी. भात कुठेही मिळतो, फळंही भरपूर.

गोड खाण्यात शाकाहाऱ्यांना मोकळं रान आहे. बाये-बाये ही भाजलेल्या चिकट तांदळाची आणि कोवळ्या नारळाची वडी; पोह्यांचे लाडू खाणाऱ्याला ती आवडणारच. इबोस म्हणजे नारळाच्या पातीत गुंडाळून शिजवलेला चिकट भात, आंब्यासोबत खावा. पिनासुग्बो म्हणजे पाकातली केळ्याची काप, तिळासकट. बिस्कोचो, बार्कियोस या कुरकुरीत वस्तूंत अंडं असू शकतं, विचारून घ्या.

आणखी काय चाखावं?

पान्सित मोलो. नावात पान्सित असलं तरी यात नूडल्स नाहीत. मोलोच्या चिनी वस्तीतून आलेले मांसाचे पातळ आवरणाचे मोदकच कोंबडीच्या रश्श्यात सोडलेले असतात. लगेच खा, ठेवले की आवरण विरघळतं.

कबातुआनचा तिनुओम: गावठी कोंबडी, गवती चहा, टोमॅटो केळीच्या पानात बांधून शिजवतात. पान ताटात उघडताना वाफेचा वास हीच निम्मी चव. कबातुआनचं विटांचं चर्चही पाहण्याजोगं आहे, तेव्हा दोन्ही एका फेरीत जमतं.

शिंपले-कालवं, म्हणजे तालाबा, किनाऱ्यावर ढिगाने मिळतात. समुद्रात लाल भरतीचा (‘रेड टाइड’, म्हणजे विषारी सूक्ष्म शेवाळ वाढल्याचा) इशारा असेल तेव्हा कुठलीही कालवं खाऊ नका, ते विष शिजवल्याने जात नाही. खानावळीत त्या आठवड्यातला इशारा विचारायला संकोचू नका.

टेबलावर मिरच्या भरलेली बाटली दिसेल, ती सिनामाक. माडाच्या व्हिनेगरमध्ये लाल मिरची, लसूण, आलं किंवा लांकावास (आल्यासारखं कुलिंजन), मिरी मुरवलेली असतात. गोव्यातलं माडाचं व्हिनेगर ज्यांना ठाऊक आहे त्यांना चव परकी वाटणार नाही. घरी करायची तर ७५० मिलिलिटरची बाटली, २० तिखट मिरच्या, १५ लसूणपाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर मिरी. सगळं धुऊन पूर्ण कोरडं करा. पाणी राहिलं तर व्हिनेगर गढूळ होतं आणि वर साय धरते. आठवडाभराने वापरायला काढा.

गिमारास बेटावर जाण्यासारखं आहे का?

आंब्याच्या दिवसांत नक्की. इलोइलोच्या धक्क्यावरून बोटीने पंधरा-वीस मिनिटांत होर्दान गाठता येतं. तिथला काराबाओ आंबा लांबट, पिवळा, धागा नसलेला आणि अतिशय गोड असतो. हापूसचा वास त्याला नाही, पण गोडी सरस म्हणणारे बरेच भेटतील. बेटावर बाहेरचे आंबे न्यायला बंदी आहे, कीड शिरू नये म्हणून, तेव्हा धक्क्यावर पिशवी तपासतात. नावालासचं प्रवाळी दगडाचं छोटं चर्च तिथलं सर्वांत जुनं. ट्रॅपिस्ट मठात संन्यासी आंब्याचा जाम आणि इतर खाऊ करून विकतात.

परत येताना काय आणता येईल?

कोरड्या वस्तू: बिस्कोचो, गालेतास बिस्किटं, कोकोच्या वड्या, सुकवलेला आंबा. सिनामाकची बाटली सामानात, तीही प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, कारण विमानात झाकण ढिलं होऊन गळते. ताजी फळं, रोपं, बिया आणि मांसाचे पदार्थ आणू नका; भारतात उतरल्यावर ते जप्त होतात. बातुआनची ताजी फळंही त्यातच आली. आमसुलं घरी आहेतच.